जावई काशीला निघाले

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पंजाबरावांनी सगळा गोतावळा मंगल कार्यालयाच्या अंगणात बसवला आणि तंबी दिली.

"आयकून घ्या. उद्या नवरदेवाकडचे थे लोकं काईबी करोत. कोनी हासाचं नाई, कोनी तोंड वाकडं कराचं नाई, आनि 'काहून' म्हनून त बिलकुल इचाराचं नाई. समजलं?"

"नवरदेव-नवरीले झोक्यावर बसवनार हायेत म्हन्ते," मेहुणा सूर्यभान म्हणाला. "कार्यालयवाल्याले झोका टांगाले सांगतला त्याइनं."

"मंग बसू दे! झोका काय तुह्या घरचा हाय का?"

सूर्यभाननं कानाला हात लावला. ज्या माणसानं वर्षभर या लग्नाच्या नावानं घर डोक्यावर घेतलं होतं, तोच आता झोक्याची बाजू घेत होता.

पातूरच्या पंजाबरावांना गीतांजली ही एकुलती एक लेक. काळ्याभोर जमिनीचा हा कास्तकार बोलायला फटकळ, पण लेकीपुढं लोण्याहून मऊ. ती पुण्याला नोकरीला गेली आणि तिथं तिनं श्रीवत्सन नावाचा चेन्नईचा मुलगा पसंत केला. "अकोला-अमरावती दोन जिल्ह्यातले पोट्टे सरले का?" असं म्हणून पंजाबरावांनी फोन आपटला. पोरगी भांडली नाही, रडली नाही. तिनं फक्त दर रविवारचा फोन बंद केला. पंजाबराव वाघाला भ्यायचे नाहीत, पण तो न वाजणारा फोन त्यांना सोसवेना. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा त्यांनी कसाबसा काढला आणि शेवटी स्वतःच फोन करून होकार दिला.

गीतांजलीनं एकच अट घातली. "बाबा, त्याइच्या कोन्त्याच रीतीत तुमी खोडा घालाचा नाई. एक डाव जरी आडवे गेले न, त मी पुन्हा बोलनार नाई तुमच्यासंगं."

"नाई जात आडवा. माह्या जिभेची शपथ," पंजाबराव म्हणाले. आता पोरीचा अबोला पुन्हा ओढवून घ्यायचा नव्हता. काहीही झालं तरी नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी व्याही सुंदरराजन स्वतः त्यांच्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले, कपाळावर गंध, चेहऱ्यावर कायम हसू. त्यांचं हिंदी तोडकंमोडकं होतं आणि पंजाबरावांचं हिंदी म्हणजे हिंदीचे कपडे घातलेली वऱ्हाडी, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

"साब, पहले काशीयात्रा होगा," सुंदरराजन म्हणाले. "लड़का काशी जाएगा. आप नारियल लेकर बाहर खड़ा रहना. बस, इतना ही."

"बिलकुल! उसकी फिकर आप करोच मत," पंजाबराव म्हणाले.

सुंदरराजन समाधानानं गेले. त्यांच्या मुलखात लग्नाआधी नवरदेव 'मी चाललो काशीला, मला संसार नको' म्हणून छत्री-काठी घेऊन निघतो. मुलीचा बाप नारळ घेऊन आडवा येतो, 'जाऊ नका, माझी मुलगी देतो' म्हणतो आणि हाताला धरून त्याला मांडवात आणतो. नारळ घेऊन उभा असलेला सासरा अडवायलाच उभा असतो, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते वेगळं काय सांगायचं?

आणि इकडं पातुरात काशीला निघालेल्या माणसासमोर जो नारळ घेऊन उभा असतो तो निरोप द्यायलाच उभा असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंजाबरावांचे आजोबा काशीला गेले तेव्हा अख्खा गाव वेशीपर्यंत वाजतगाजत गेला होता. देवाच्या वाटेला लागलेल्या माणसाला अडवणं तर सोडाच, त्याला 'कुठं चालले?' म्हणूनसुद्धा विचारत नसत.

पंजाबरावांनी बायकोला, पार्वताबाईंना, शिदोरी बांधायला सांगितली.

"अवो, पन लगन?" पार्वताबाईंचा हात पुरीच्या टोपल्यातच थांबला.

"लगनाच्या पहिले जात असतीन त्याइच्याकडं."

"काशीले? आन मुहूर्त त साडेअकराचा हाय!"

"इचाराचं नाई म्हनलं न? वेशीपर्यंत जाऊन वापस येत असन. नाई त इमानात बसून जात असन. शिकले-सवरले लोकं हायेत, त्याइचं त्याइले समजते. तू ठेचा टाक शिदोरीत. आनि सूर्यभान, तू भजनी मंडळ बलाव."

"गीताले एक डाव इचारून घ्या न," पार्वताबाई म्हणाल्या.

"तिले इचारलं का थे म्हनन, घातला बाबानं खोडा!"

गीतांजली वरच्या खोलीत दार लावून नटत होती. तिच्याकडं गेलं असतं तर ही कथा इथंच संपली असती. पण पंजाबराव शपथेला पक्के होते.

ठरल्या वेळी नवरदेव बाहेर आला. पांढरं-जरीकाठी धोतर, खांद्यावर उपरणं, डोळ्यांत काजळ, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नवी कोरी छत्री. पातूरकर मंडळींना छत्री फार पसंत पडली. वैशाखाचं ऊन असं की कावळासुद्धा सावली धरून बसलेला. "छत्री घेतली थे बेस केलं," भजनी मंडळातले एक म्हातारबा म्हणाले. "पोट्टा समजदार हाय."

पंजाबराव नारळ घेऊन उभेच होते. श्रीवत्सन त्यांच्यासमोर आला आणि थांबला. पंजाबरावांनी त्याचे पाय धुतले. तामीळ मंडळींनी कौतुकानं माना डोलावल्या. पंजाबरावांनी हार घातला, नारळ दिला, शिदोरी काखेत अडकवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सुखरूप जा, जवाईबापू. आमची आठवन ठेवा."

आणि बाजूला होऊन त्यांनी वाट मोकळी करून दिली.

श्रीवत्सन थबकला. गीतांजलीनं शिकवल्यामुळं त्याला वऱ्हाडी बरीच कळत होती, पण 'जा' चा अर्थ 'थांब' होतो की काय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं एक पाऊल टाकलं. मागं बघितलं. पंजाबरावांनी हसून हात हलवला. त्यानं दुसरं पाऊल टाकलं, अगदी सावकाश. तेवढ्यात टाळ-मृदंग कडाडले आणि त्या गजरानं तो आपोआप कार्यालयाच्या फाटकाबाहेर गेला.

आता सुंदरराजन यांनी तरी तोंड उघडायचं! पण गोम अशी, की गीतांजलीनं सासरच्या मंडळींकडूनही वचन घेतलं होतं. "माझे बाबा फार मुश्किलीनं तयार झालेत. ते जे काही करतील, त्याला नाही म्हणू नका." त्यामुळं सुंदरराजननी आपल्या गोतावळ्याला आदल्या रात्री हुबेहूब हीच तंबी दिलेली होती. नवरदेवाच्या मावशीनं घाबरून काहीतरी विचारलं, तर त्यांनी तिला दटावलं, की या लोकांच्यात सगळंच जरा मोठ्या प्रमाणावर असतं, अडवणंही रस्त्यापर्यंत नेऊन होत असेल. मग मावशीनंही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

अशा रीतीनं एका बाजूला काहून न विचारणारे आणि दुसऱ्या बाजूला नाही न म्हणणारे, असे दोन समजूतदार समाज एकमेकांच्या संस्कृतीचा मान राखत भर उन्हात एका निष्पाप मुलाला एसटी स्टँडपर्यंत घेऊन गेले. भांडखोर माणसं असती तर हे घडलं नसतं.

स्टँडवर अकोल्याची गाडी निघायच्या बेतात होती. सूर्यभाननं पुढं होऊन कंडक्टरला सांगितलं, "आमचे जवाई काशीले निंगाले. अकोल्याच्या रेलटेसनापाशी उतरवून द्या बरं."

कंडक्टरनं नवरदेवाचं काजळ बघितलं, हार बघितला आणि हात जोडले. "या महाराज. पुढच्या सीटवर बसा."

श्रीवत्सननं शेवटचं वळून पाहिलं. त्याच्या आजीनं बजावलं होतं, की सासऱ्यानं बोलावल्याशिवाय आपण होऊन मागं फिरायचं नाही, ते फार अशुभ. सासरा तर तिकिटाचे पैसे देत होता. मोबाइल मावसभावाकडं राहिला होता. पुढच्या गावात बँडबाजा घेऊन सासरेबुवा उभे असतील आणि तिथं अडवतील, अशी मनाची समजूत घालून तो गाडीत चढला. घंटी वाजली. गाडी धुरळा उडवत गेली. पंजाबरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. कार्य कसं साजरं झालं होतं!

मंडळी परत आली. पंखे लागले, सरबत फिरलं. दोन्ही व्याही शेजारी शेजारी बसले. 

मग पंजाबराव अगदी अदबीनं म्हणाले, "साब, वापस कब तक आएंगे जवाई?"

सुंदरराजन यांनी ग्लास खाली ठेवला. "वो तो... आप बताओ."

"मैं?"

"आप लाएगा न?"

"मैं कायको लाऊंगा? काशी गए हैं वो!"

तेवढ्यात वरच्या खोलीचं दार उघडलं आणि नऊवारी शालू नेसलेली गीतांजली जिन्यावर आली. "झाली का काशीयात्रा? श्रीवत्सन कुठं हाय?"

"गेले न, बाई," पंजाबराव अभिमानानं म्हणाले. "एकदम मानपानानं लावून देल्लं. पुढची सीट भेटली."

गीतांजली शालू सावरत धावत खाली आली. "बाबा! त्याले अडवाचं होतं! तुमीच अडवाचं होतं!"

"अडवाचं होतं?" पंजाबरावांचा चेहरा उतरला. "अन मले त आडवं जाची बंदी होती!"

 गीतांजलीनं डोळे मिटून घेतले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती गप्प बसली, अगदी त्या रविवारांसारखी गप्प. मुहूर्ताला तास-सव्वा तास उरला होता. पंजाबरावांनी पायात चप्पल सरकवली न सरकवली तोच सूर्यभाननं मोटरसायकलला किक मारली.

त्या दिवशी पातूर-अकोला रस्त्यावरच्या लोकांनी एक फेटा हवेत सुटताना आणि त्यामागं एक माणूस "दाब, सूर्यभान, दाब!" म्हणून ओरडत जाताना पाहिला. फेटा परत मिळाला नाही. कापशीच्या फाट्यावर गाडी दिसली. सूर्यभाननं मोटरसायकल सरळ तिच्यासमोर आडवी घातली.

पंजाबराव गाडीत चढले आणि बघतच राहिले. नवरदेव पुढच्या सीटवर बसला होता आणि अर्धी गाडी त्याच्या पायांशी गोळा झाली होती. कोणी गंगेत सोडायला मूठभर तांदूळ दिले होते, कोणी गंगाजलासाठी रिकामी बाटली दिली होती. केशरबाई नावाच्या एका म्हातारीनं अकोल्याच्या राजेश्वराला वाहायला आणलेला नारळ त्याच्या ओटीत टाकला होता. तिच्या मालकाला, गेलेल्या नवऱ्याला, काशीला जायचं होतं ते राहूनच गेलं, आता निदान त्यांच्या नावाचा नारळ तरी जाईल, म्हणून ती डोळे पुसत होती. शिदोरीतल्या पुऱ्या मात्र श्रीवत्सननं सगळ्यांना वाटून टाकल्या होत्या. नाही म्हणायचं नाही, हे वचन तो इथंही पाळत होता.

"जवाईबापू, उतरा!" पंजाबराव धापा टाकत म्हणाले.

केशरबाई ताडकन उभी राहिली. "कोन व्हय रे तू? देवाच्या वाटंवरच्या मानसाले अडवतं?"

"बाई, मी त्याइचा सासरा व्हय."

"सासरा असो का कलेक्टर! पाप लागन तुले!"

"मघा यानंच त तिकीट काढून देल्लं!" कंडक्टर म्हणाला.

"बसा खाली, काका! गाडीले टाइम होऊन राह्यला," मागून कोणी ओरडलं.

पंजाबराव त्या गाडीत मधोमध उभे राहिले. घाम निथळत होता, डोक्यावर फेटा नव्हता.  जावयासमोर त्यांनी हात जोडले.

"बापू, खरं सांगतो. वरीसभर मी देवाले येकच मागनं मागतलं, का हा पोट्टा माह्या पोरीच्या वाटंतून कुठंबी निंगून जाओ. आज देवानं आयकलं. तुमी खरंच चालले, अन मीच मांगं धावत आलो. मी चुकलो. तेव्हाबी चुकलो अन आताबी चुकलो. नोका जाऊ काशीले. माही पोरगी तुमालेच देतो. चाला घरी."

 श्रीवत्सनच्या डोळ्यांतलं काजळ घामानं पसरलं होतं की आणखी कशानं, ते काही कळलं नाही. तो उठला आणि शुद्ध वऱ्हाडीत म्हणाला, "येतो न, बाबा. तुमी बलावाचीच वाट पाहून राह्यलो होतो."

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या मुलानं त्यांना पहिल्यांदाच 'बाबा' म्हटलं होतं. पंजाबरावांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. पण केशरबाई वाटेतून हलेना.

"पोरीचं लगन हाय, म्हून जाऊ देते," ती म्हणाली. "पन माह्या नारयाचं काय? मालकाच्या नावानं बोलली मी. देवाले बोललेलं वापस घेता येत नाई."

"आमच्या तांदयाचं काय?" "बाटलीचं?" असे आणखी आवाज उठले.

मुहूर्त पळत होता. पंजाबराव घाईघाईत बोलून गेले, "मी जातो काशीले! समद्याइचं घेऊन जातो. माह्या जिभेची शपथ!"

कंडक्टर म्हणाला, "मी साक्षीदार हावो."

परतीच्या वाटेवर मोटरसायकल सूर्यभान चालवत होता, मध्ये नवरदेव, मागं नारळ-तांदूळ-बाटल्या सांभाळत पंजाबराव, आणि तिघांच्या डोक्यावर ती छत्री. मुहूर्त अगदी काठावर गाठला गेला. गीतांजली बापाकडं बघून आधी रडली, मग हसली आणि मग तिनं झोक्यावर बसून त्यांच्याच हातून दूध-केळं घेतलं. ते काहून द्यायचं, हे या वेळी पंजाबरावांनी चारचौघांत, मोठ्यानं, दोनदा विचारून घेतलं. सुंदरराजननी ते दोनदा समजावून सांगितलं. मग त्यांनीही उलट विचारलं, की तुमच्यात मुलीचा भाऊ नवरदेवाचा कान का पिळतो? हा प्रश्न ते सकाळपासून पोटात धरून होते. त्यानंतर दोन्हीकडची माणसं जी एकमेकांना विचारत सुटली, ती पंगत उठेपर्यंत थांबली नाहीत.

राहता राहिली काशी. पंजाबरावांना जायचं मुळीच नव्हतं. पेरणीआधीची कामं पडली होती. पण शपथ म्हणजे शपथ. इकडं सुंदरराजनना वाटलं, आपल्या मुलाची यात्रा हा भला माणूस अंगावर घेतोय, त्याला एकट्याला कसं पाठवायचं? गुडघे दुखत असताना ते म्हणाले, "हम भी आएगा." पंजाबरावांना वाटलं, व्याह्यांची फार दिवसांची इच्छा दिसते, मोडायची कशाला?

लग्नानंतरच्या आठवड्यात दोघं व्याही अकोल्याला गाडीत बसले. भुसावळला बनारसची गाडी धरायची होती. भुसावळला उतरून दोघं फलाटावरच्या बाकावर टेकले. समोरच्या फलाटावर अकोल्याकडं जाणारी गाडी उभी होती. दोघंही तिच्याकडं बघत होते.

"साब," शेवटी पंजाबराव म्हणाले, "इचारू का एक? आपको सच्ची में जाना था काशी?"

सुंदरराजननी मान हलवली. "नहीं. हम तो आपके लिए. आपको जाना था न?"

"मले?" पंजाबराव कपाळाला हात लावून हसायला लागले. "अजी, मैं तो आपके लिए!"

दोघं इतके हसले की चहावाला थांबून बघायला लागला. मग दोघांनी पुन्हा समोरच्या गाडीकडं पाहिलं. तेवढ्यात पंजाबरावांचा फोन वाजला. पार्वताबाईंचा होता. पंजाबरावांच्या चेहऱ्यावर आशा पसरली. "आता थे म्हनन, नोका जाऊ," ते हळूच व्याह्यांना म्हणाले. "मंग आपन वापस फिराले मोकळे."

"भुसावळ आलं का?" पार्वताबाई विचारत होत्या. "बरं, आयका. मी अन इहीनबाई बसलो हावो. त्या म्हन्तात, नुसतं काशी केल्यानं यात्रा पुरी होत नाई. काशीचं गंगाजल रामेश्वरले नेऊन वाहा लागते. म्हून गंगाजल जरासं जास्त आनजा."

"रामेश्वर?" पंजाबराव ओरडले. "अन तुले इहीनबाईची भाषा कवा समजाले लागली?"

"तिले माही समजते, मले तिची समजते. तुमी नोका पडू त्याच्यात. रामेश्वरची तिकिटं काढली आमी."

"आमची?"

"चार काढली. काशीले तुमी जाऊन या, रामेश्वरले आमी संगं येतो. ठेवते."

पंजाबरावांनी फोन खिशात टाकला आणि व्याह्यांना सगळं समजावून सांगितलं. सुंदरराजननी गुडघा चोळला, सुस्कारा सोडला आणि पंजाबरावांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. बनारसची गाडी फलाटाला लागत होती.